उचल समिती

अन्याय दूर करायचा असेल, तर आधी तो जागेवर असावा लागतो. मधल्या मध्ये कुणी भलत्याच माणसाने तो परस्पर दूर करून टाकला, तर त्यासाठी रीतसर नेमलेल्या माणसांनी काय करायचं, हातावर हात ठेवून बसायचं? म्हणून जाणती माणसं अन्यायाला फार जपतात. अधूनमधून तो पाहुण्यांना दाखवतात, त्याचे चांगल्या उजेडात फोटो काढतात, आणि योग्य वेळ येईपर्यंत त्याला कुणाचा धक्का लागणार नाही याची काळजी घेतात. ज्या संस्थेची ही हकिकत आहे, तिने ही काळजी अगदी पोटच्या पोरासारखी घेतली.

संस्थेचं नाव 'अपंग हक्क करार अनुमोदन अभियान'. जगातल्या देशांनी एकत्र बसून एक करार लिहिला होता, की अपंग माणसाला इतर चार माणसांसारखं शाळेत, कचेरीत, दवाखान्यात, मत द्यायला, स्वतःच्या मर्जीने जाता-येता आलं पाहिजे. लिहून झाल्यावर बऱ्याच देशांनी त्यावर सह्या केल्या. पण सही वेगळी आणि अनुमोदन वेगळं. सही करणं म्हणजे रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्या माणसाला 'येतो हं एकदा घरी' म्हणणं. अनुमोदन म्हणजे खरंच जाऊन त्याच्या दाराची कडी वाजवणं. (काही देश अटी घालून अनुमोदन करतात. ते दारापर्यंत येतात, पण बसणार नाही, पाणी पिणार नाही, आणि आलो होतो हे कुणाला सांगू नका, म्हणतात.) अशा देशांच्या मागे लागून त्यांना उंबऱ्यापर्यंत आणायचं, हे अभियानाचं काम.

कार्यालयाच्या भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता. अनुमोदन झालेल्या देशाला हिरवी टाचणी, नुसत्या सहीला पिवळी, आणि काहीच नसेल तर लाल. उशीर करणाऱ्या देशांची कारणं संशोधन अधिकाऱ्याने मोठ्या मेहनतीने वर्गवार लावली होती. एकतीस टक्के देश म्हणत, कायदा मंत्रालय बघतंय. सत्तावीस टक्के देशांत कायदा मंत्रालयाचं बघून झालं होतं, आता अर्थ मंत्रालय बघत होतं. एकवीस टक्के देशांचं म्हणणं, आमच्या समाजात अशा लोकांविषयी मुळातच इतकी माया आहे की हक्कांची वेगळी गरज भासत नाही. उरलेले एकवीस टक्के पत्राला उत्तरच देत नसत. त्यांना 'सकारात्मक' या रकान्यात टाकलं होतं.

या सगळ्यांना पत्रं लिहायच्या मसुदाताई. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण मसुदे त्याच करत म्हणून सगळं कार्यालय त्यांना मसुदाताई म्हणे. वयाच्या अकराव्या वर्षापासून त्या चाकांच्या खुर्चीत होत्या. (त्यांच्यासारख्या व्यक्तींना काय म्हणावं यावर अभियानाने पहिलं दीड वर्ष चर्चा केली. नऊ शब्द पुढे आले, सात बाद झाले, दोहोंवर मतभेद राहिले. शेवटी ताईंनाच विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ताई म्हणा." उत्तर विषयाला सोडून असल्यामुळे इतिवृत्तात घेतलं गेलं नाही.)

ताईंचं पत्र म्हणजे काम होतं बरं का. मंत्री कितीही निगरगट्ट असो, दुसऱ्या परिच्छेदापर्यंत तो खुर्चीत चुळबूळ करायला लागलाच पाहिजे. भिंतीवरच्या निदान अकरा हिरव्या टाचण्या त्यांच्या पत्रांच्या होत्या, हे शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे मान्य करत. पत्राखाली सही संचालकांची असे, ती गोष्ट वेगळी.

अभियानात येण्याआधी कित्येक वर्षं ताईंनी घरी, पलंगाच्या कडेला फळी टेकवून, पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासली होती. दिवसभर भिंत समोर, आणि स्वयंपाकघरातून भावजयीचा आवाज. इथे त्यांना खिडकीजवळचं मेज मिळालं होतं. मेजाला ड्रॉवर, ड्रॉवरला कुलूप, आणि कुलपाची किल्ली ताईंच्या गळ्यात. आत एक कंगवा, दोन पेनं आणि खोकल्याच्या गोळ्या, एवढाच ऐवज. पण आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी कुलपात ठेवायची मुभा मिळाली होती, आणि ताईंचा त्या मेजावर जीव जडला होता. त्यांची एकच इच्छा होती. एकदा तरी, कुणालाही हाक न मारता, आपल्या हाताने चाकं फिरवत त्या मेजापर्यंत जायचं. उशीर झाला तर आपल्यामुळे व्हावा, लवकर पोचलं तर आपल्या मर्जीने.

अडचण अशी, की इमारतीचं जोतं उंच होतं. रस्त्यावरून दारापर्यंत पाच पायऱ्या.

पाच पायऱ्या बघून एखादी सामान्य संस्था गडबडून गेली असती. अभियानाने उचल समिती नेमली. (नावामुळे सुरुवातीला दोघं-तिघं पगाराची उचल मागायला आले. त्यांना समजावून परत पाठवावं लागलं.) समितीत चार सदस्य: शिपाई, ड्रायव्हर, हिशेबनीस आणि संशोधन अधिकारी. म्हणजे दोन माणसं उचलायला आणि दोन माणसं उचलल्यासारखं करायला. समितीचे नियम दाराजवळ काचेत लावले होते:

१. उचलण्यापूर्वी संबंधित व्यक्तीची संमती घेण्यात यावी. (ती सोमवारी आठवड्याची एकदम घेतली जाई.)

२. चारही सदस्य उपस्थित असल्याखेरीज उचल करण्यात येऊ नये. एखादा सदस्य अनुपस्थित असल्यास संबंधित व्यक्तीने तो उपस्थित होईपर्यंत प्रसन्नपणे थांबावे.

३. दिवसाला दोन उचली अनुज्ञेय राहतील: एक चढती, एक उतरती. मधली उचल ही विशेष बाब समजण्यात येईल व तिचे कारण लेखी द्यावे लागेल.

४. उचल चालू असताना सदस्यांनी घरगुती विषयांवर बोलू नये.

तिसऱ्या नियमाविषयी थोडं सांगायला हवं. कार्यालयाचं स्वच्छतागृह खाली अंगणात होतं. तिथे जायचं म्हणजे मधली उचल, आणि मधल्या उचलीचं कारण लेखी. चाळिशीतली बाई असं कारण काय डोंबल लिहिणार! ताई सकाळी घरून निघताना पाणी पीत नसत, आणि अकराच्या चहाला हसून 'नको' म्हणत. संशोधन अधिकाऱ्याच्या पाहणीत 'मधल्या उचलींची मागणी: शून्य' असा निष्कर्ष निघाला, आणि समितीचं नियोजन किती अचूक आहे हे सिद्ध झालं.

हे सगळं असंच सुखासमाधानाने चाललं असतं. पण अंगणाची पडकी भिंत दुरुस्त करायला एक गवंडी आला. चांगला आठवडाभर त्याने सकाळ-संध्याकाळ तो सोहळा पाहिला, आणि एके दिवशी त्याला राहवलं नाही.

"बाई, हे रोजचंच का?"

"रोजचंच," ताई म्हणाल्या.

"अंगणातून एक वळण घेऊन उतार काढला, तर खुर्ची सरळ वर जाईल की. विटा उरल्यात, वाळू पडलीय. दोन दिवसांचं काम आहे."

दोन दिवस! त्या दुपारी ताईंनी एका परराष्ट्रमंत्र्याच्या पत्रात 'महोदय' दोनदा लिहिलं आणि तारीख लिहायला विसरल्या.

दुसऱ्या दिवशी विषय बैठकीत आला. संचालक अतिशय प्रेमळ गृहस्थ. कुणाला नाही म्हणताना त्यांचा स्वतःचाच गळा दाटून येई.

"ताई, तुमच्यापेक्षा मला जास्त वाटतं हो, उतार व्हावा म्हणून," ते म्हणाले. "पण जरा विचार करा. आपलं पत्रक काढा. मुखपृष्ठावर काय आहे?"

मुखपृष्ठावर ताई होत्या. चौघांनी उचललेल्या, पायऱ्यांच्या मधोमध.

"आता पत्राचा दुसरा परिच्छेद वाचा."

ताईंना तो पाठच होता. 'आमच्या स्वतःच्या कार्यालयातदेखील आज एका सहकाऱ्याला पाच पायऱ्या उचलून न्यावं लागतं. आपण अनुमोदन केलंत, तर हे चित्र बदलेल.'

"हे कुणी लिहिलंय?"

"मीच."

"चौतीस देशांना गेलंय ते. उद्या उतार झाला, की हे वाक्य खोटं ठरलं. म्हणजे आपण चौतीस देशांशी खोटं बोललो. तुम्हाला चालेल?"

विधी सल्लागारांनी भर घातली, की अनुमोदन न होताच उतार झाला तर सरकार विचारेल, मग करार कशाला हवा? असा उतार म्हणजे एका परीने पुरावा नष्ट करणं. संशोधन अधिकाऱ्याने आकडे मांडले. उचल प्रत्यक्ष पाहिलेल्या शिष्टमंडळांपैकी बहात्तर टक्क्यांनी वर्षभरात अनुमोदन केलं होतं, नुसतं पत्रक वाचलेल्यांपैकी नऊ टक्क्यांनी. (अंगणात जिथे उतार वळला असता तिथे संचालकांची गाडी उभी राहते, हा मुद्दा संपूर्ण चर्चेत कुणीही काढला नाही. चर्चेची पातळी कुठल्या कुठे होती हे यावरून कळावं.)

ताईंना बोलायचं खूप होतं. पण स्वतःचंच वाक्य कुणी असं तोंडावर आणून ठेवलं, तर माणूस बोलणार काय?

"आपल्या स्वतःच्या देशाचं अनुमोदन तेवढं होऊ दे," संचालक त्यांच्या खुर्चीच्या हातावर हात ठेवून म्हणाले. "दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी बोलावतो. शब्द देतो."

संध्याकाळी ताईंनी घरी ही बातमी सांगितली. धाकटा भाऊ चाकात तेल घालत होता. रोज सकाळी कामावर जाताना तोच ताईंना पायऱ्यांपर्यंत सोडत असे.

"म्हणजे वन्सं," भावजय म्हणाली, "तुम्हाला पाच पायऱ्या चढवायला आधी अख्खं मंत्रिमंडळ हलायला हवं?"

"अगं, तसं नाही ते. धोरण असतं."

"असेल बाई. आमच्या दाराला ह्यांनी फळी टाकली तेव्हा धोरण नव्हतं, नाही तर तुम्ही अजून आतच असता."

ताई चिडल्या आणि जेवल्या नाहीत. चिडायचं कारण एवढंच, की त्यांच्याही मनात अगदी हेच आलं होतं.

पण शब्द तर मिळाला होता. ताई इरेला पेटल्या. आपल्या देशाची टाचणी गेली कित्येक वर्षं पिवळी होती, ती हिरवी करायची म्हणजे करायचीच. त्यांनी कायदा मंत्रालयाला लिहिलं, अर्थ मंत्रालयाला लिहिलं, दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवल्यावर दोघांना एकच पत्र दोन पाकिटांतून पाठवलं. खासदारांना लिहिलं, खासदारांच्या बायकांना लिहिलं, एका सचिवाच्या सेवानिवृत्त वडिलांनाही लिहिलं, कारण सचिव फक्त वडिलांचं ऐकतो असं कळलं होतं. तहान लागली की खोकल्याची गोळी चघळायच्या आणि पुढचं पान ओढायच्या. शेवटी एकदा समाजकल्याण मंत्री स्वतः कार्यालय पाहायला यायचे ठरले.

त्या दिवसासाठी उचल समितीने रंगीत तालीम केली. ड्रायव्हरने केस कापून घेतले. मंत्री आले, पायऱ्यांच्या खाली उभे राहिले, आणि उचल सुरू झाली. तिसऱ्या पायरीवर हिशेबनिसांच्या कमरेत उसण भरली.

"आई गं!" हिशेबनीस ओरडले.

खुर्ची एका अंगाला कलली. ताईंची एक चप्पल सुटून मंत्र्यांच्या बुटाशी जाऊन पडली. शिपाई दातओठ खाऊन तोलून धरत होता, आणि तेवढ्यात छायाचित्रकार म्हणाला, "थांबा थांबा, अस्संच राहा!"

राहिले. ताईंना खालची फरशी दिसत होती. भीती तर वाटलीच, पण लाज त्याहून जास्त वाटली. भर रस्त्यात, अनवाणी, पोत्यासारखं लटकायचं! तरी त्यांच्या मनात एकच होतं: पडले तरी चालेल, पण आज ह्या माणसाचं मन पाघळू दे.

मंत्र्यांचं मन पाघळलं. त्यांनी रुमाल काढून डोळे टिपले. "हे दृश्य मी जन्मात विसरणार नाही," असं म्हणून ते खुर्चीला वळसा घालून वर चहाला गेले.

आणि अनुमोदन झालं! संसदेत अकरा मिनिटं चर्चा झाली, कुणीही विरोध केला नाही, नऊ सदस्य जागे होते. कार्यालयात टाळ्यांचा कडकडाट झाला. हिरवी टाचणी टोचायचा मान ताईंना देण्यात आला, पण टाचणीची जागा उंचावर होती, म्हणून ती ताईंच्या वतीने संचालकांनी टोचली. ताई रडल्या. अगदी मनापासून रडल्या, हसत हसत रडल्या. घरी जाऊन भावजयीला म्हणाल्या, "बघितलंस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भावाला कोपऱ्यावरच थांबवलं. "इथून मी जाईन. तू जा कामाला." पायऱ्यांशी गवंडी घमेलं आणि थापी घेऊन उभाच होता. वरच्या पायरीवर संचालक आणि विधी सल्लागार उभे होते. सल्लागारांच्या हातात परिपत्रक होतं.

"ताई, अभिनंदन!" संचालक वरून म्हणाले. "आजपासून तुम्हाला कुणीही उचलू शकणार नाही!"

"म्हणजे?"

"माणसाला सामानासारखं उचलणं हा प्रतिष्ठेचा भंग आहे. करार आता आपल्यालाही लागू. उचल समिती कालच विसर्जित केली, चौघांना प्रशस्तिपत्रकं दिली."

"बरं झालं," ताई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच बरं वाटलं. "मग हे सुरुवात करतात. विटा त्या तिथे आहेत."

संचालकांचा गळा दाटून आला. ते सल्लागारांकडे पाहायला लागले.

"त्याचं असं आहे," सल्लागार म्हणाले, "परवापर्यंत उतार ही सोय होती. सोय कुणीही गवंडी करू शकतो. आता तो हक्क झालाय. हक्काला मानक लागतं: किती रुंद, किती तिरका, कठडा केवढा. ते राष्ट्रीय मानक समिती ठरवणार. तिच्या आधी आपण भलताच उतार बांधला, तर तो कराराचा भंग होईल. आपणच पहिला भंग करायचा?"

"समिती कधी ठरवेल?"

"समिती नेमायची समिती झालीय."

"आणि तोवर मी वर कशी येऊ?"

"वा!" सल्लागार म्हणाले. "नेमका हाच प्रश्न आम्ही समितीला कळवणार आहोत. जरा लिहून देता का? तुमच्यासारखं कुणाला जमत नाही."

गवंड्याने थोडा वेळ कान खाजवला. "मग मी जाऊ का?" त्याने विचारलं. आणि घमेलं उचलून तो गेला. ताईंच्या तोंडाला अशी पानं पुसली गेली, की त्यांना राग यायलाही दुपार झाली. आला तेव्हा मात्र कानशिलं तापली. उचलून का होईना, कालपर्यंत त्या आत तरी जात होत्या.

पण काम थांबून कसं चालेल? अजून कितीतरी देश पिवळे होते. तोडगा बिचाऱ्या शिपायाने काढला. ताईंच्या मेजाजवळची खिडकी बरोबर फुटपाथवर उघडत होती. त्याने एका टोपलीला दोर बांधला आणि ती खाली सोडली. पहिल्या टोपलीतून ताईंचा कंगवा, पेनं आणि गोळ्या आल्या. ड्रॉवर शिपायाला उचकटावा लागला, कारण किल्ली ताईंच्या गळ्यात होती आणि ती मागायचं त्याला धाडस झालं नाही.

मग टोपलीतून कागद खाली येऊ लागले आणि मसुदे वर जाऊ लागले. ऊन आलं की ताई भिंतीच्या सावलीला सरकत. संचालकांनी या व्यवस्थेला 'अधोकार्यालय' असं नाव दिलं आणि तिचे लाभ मुख्यालयाला कळवले. मोकळी हवा. जनसंपर्क. शिवाय अंगणातलं स्वच्छतागृह आता ताईंना कुणाच्याही मदतीशिवाय, केव्हाही वापरता येत होतं. ही कराराची पहिली ठोस फलश्रुती. दूरदूरच्या देशांची शिष्टमंडळं टोपली पाहायला आली. तिचं माप घेतलं गेलं. 'सुगम कार्यपद्धती'चा पुरस्कारही मिळाला. समारंभाच्या व्यासपीठाला सहा पायऱ्या होत्या, त्यामुळे तो संचालकांनी स्वीकारला आणि भाषणात ताईंचा दोनदा उल्लेख केला.

एका दुपारी ताई एका पंतप्रधानांना पत्र लिहीत होत्या. मसुदा टोपलीत ठेवला होता, वरून दोर ओढायचा बाकी होता. रस्त्याने जाणारे एक सभ्य गृहस्थ थांबले, त्यांनी ताईंकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, आणि खिशातून एक नाणं काढून अगदी हळुवारपणे, आवाज होऊ नये अशा बेताने, टोपलीत ठेवलं.

"अहो, हे कार्यालय आहे!" ताई म्हणाल्या.

"हो हो, असू द्या," गृहस्थ म्हणाले आणि निघून गेले.

ताई नाणं उचलणार, तोवर टोपली वर गेली. थोड्या वेळाने ती खाली आली, तेव्हा तिच्यात हिशेबनिसांनी केलेली रीतसर पावती होती: 'किरकोळ देणगी, साभार पोच.'

ताईंनी पावती वाचली. इतकी वर्षं, इतकी पत्रं, इतके मंत्री. आणि शेवटी काय, तर फुटपाथवर बसलेली बाई आणि पुढ्यात टोपली! त्या तिथे हुंदके देऊन रडल्या. चार माणसं पाहत होती, तरी रडल्या. वरच्या खिडकीतून शिपायाने हळूच विचारलं, "ताई, पुढचं पत्र टाकू का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ तयार होऊन उभा राहिला. "अक्का, चल ना. आज जायचं नाही?"

"कुठे?"

"कामाला."

"कामाला म्हणजे पायऱ्यांच्या खालीच ना? नुसतं खालीच बसायचं, तर घरचं काय वाईट आहे?"

भावजयीने पलंगाच्या कडेची फळी पुसली आणि पाण्याचा तांब्या भरून ताईंच्या हाताशी ठेवला. संध्याकाळी पाठ्यपुस्तकवाल्यांचा माणूस मुद्रितांचा गठ्ठा टाकून गेला. ताईंनी भिंतीकडे तोंड केलं आणि पहिलं पान ओढलं.

टोपली तीन आठवडे खाली जात होती आणि जशीच्या तशी वर येत होती. अभियानाने त्याची नोंद 'प्रतिसादात किंचित शैथिल्य' अशी घेतली. तसं फार काही अडलं नाही. जुन्याच मसुद्यात देशाचं नाव बदललं तरी चालतं, हे संशोधन अधिकाऱ्याच्या लक्षात आलं होतं.

वर्षअखेरीस अहवाल निघाला. देखणा, गुळगुळीत कागदावर. त्यात म्हटलं होतं, की अनुमोदनानंतर कार्यालयात प्रवेश करताना अडचण आल्याची एकही तक्रार दाखल झालेली नाही. (तक्रारपेटी आत, नकाशाच्या खाली आहे.) चाकांच्या खुर्चीतली एकही व्यक्ती गेल्या तिमाहीत पायऱ्यांशी खोळंबलेली दिसली नाही. शिपाई, ड्रायव्हर, हिशेबनीस आणि स्वतः संचालक रोज त्याच दारातून ये-जा करतात. चौघांनीही तसं लेखी दिलं आहे. यावरून सदर कार्यालय सर्वांसाठी पूर्णतः खुलं असल्याचं शाबीत होतं.

यावर आपण 'शी! काय ही माणसं!' असं म्हणाल. म्हणा की. पण म्हणता म्हणता एक आठवून पाहा. आपली बँक, डोळे तपासायला जाता तो दवाखाना, मुलांची शाळा, आपलं ऑफिस, पाहुण्यांना 'कधीही या हं' म्हणता ते आपलं घर. इतकी वर्षं आपण तिथे जाता-येता. चाकांच्या खुर्चीतलं कुणी दिसलंय का हो कधी? नाही ना? एकदासुद्धा नाही? आणि त्यावरून तिथे कुणाची काही अडचण नसावी, असंच आपल्यालाही वाटलं ना? म्हणजे वरचा अहवाल न वाचताच आपण तो मनात लिहून, तपासून, मंजूरही करून ठेवला होता. अशी तयारीची माणसं अभियानाला हवीच आहेत. सध्या एक मेज रिकामं आहे, खिडकीजवळचं, उजेड छान येतो. मुलाखत वगैरे काही नाही. सरळ वर या, पाचच तर पायऱ्या आहेत.